बर्नीसनं लावलेलं दार

बर्नीस व्ह्राबेल वेल्सफोर्डच्या झूमध्ये लागली ती पॉपकॉर्न विकायला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. बाप पोलादाच्या कारखान्यात, दोन्ही भाऊ तिथंच, आणि ओहायो नदीच्या काठावरच्या त्या गावात दुसरं करण्यासारखं फारसं काही नव्हतं. पाच वर्षांनी कारखाना बंद पडला. गाव रिकामं व्हायला लागलं, तसे झूमधले तीन कीपरही कामाच्या शोधात दक्षिणेकडे निघून गेले. मॅनेजर पॉपकॉर्नच्या गाडीपाशी आला आणि म्हणाला, "काय गं, माकडांची घाण काढशील का?"

"घरात दोन भाऊ आहेत," बर्नीस म्हणाली. "सवय आहे मला."

त्या दिवसापासून ती माकडघरात गेली ती कायमची. तीन वर्षांनी तिथं ट्रूडी आली. ट्रूडी ही ओरांगउटानची मादी, तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. कुणा पेट्रोल पंपवाल्यानं गिऱ्हाइकं थांबावीत म्हणून तिला फ्रॉक घालून पिंजऱ्यात ठेवलं होतं. पोलिसांनी ती सोडवली आणि झूच्या हवाली केली. पहिले अकरा दिवस ट्रूडीनं बर्नीसचा डावा हात सोडला नाही. बर्नीस उजव्या हातानं जेवायची, उजव्या हातानं झाडू मारायची, उजव्या हातानं वहीत लिहायची. तिचं नुकतंच रे नावाच्या माणसाशी लग्न झालं होतं. रे पावाची गाडी चालवायचा. तो मित्रांना सांगायचा, "बायको चांगली आहे रे माझी, फक्त डावा हात तेवढा मला मिळालेला नाही."

त्यांना मूल झालं नाही. रे बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेला. तोवर ट्रूडी मोठी झाली होती, भरदार, तांबूस केसांची, जाड बोटांची. ती माकडघरातच मोठी झाली. ते घर म्हणजे पिवळ्या फरशांची एक मोठी न्हाणी होती. तीन बाजूंना फरशा, एका बाजूला काच, मध्ये पाणी जायला जाळी, छताला ट्यूबलाइट. एक ट्रकचं टायर साखळीनं टांगलेलं. ट्रूडी दिवसभर गोणपाट डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसायची आणि बर्नीसची पावलं वाजली की गोणपाट बाजूला करायची.

बर्नीसला त्या घराची लाज वाटायची. शाळेच्या सहलीतल्या पोरांनी काचेवर थापा मारल्या की तिला कानकोंडं व्हायचं. संध्याकाळी दिवे मालवताना ती म्हणायची, "येते हं बाळ," आणि घरी जाऊन हात दोनदोनदा धुवायची. ही लाज तिनं जवळजवळ तीस वर्षं बाळगली.

मग डग्लस पेन्रोज नावाचा नवा संचालक आला. चव्वेचाळीसचा, हसतमुख, बोलका. त्यानं पहिल्याच आठवड्यात माकडघर पाहिलं आणि म्हणाला, "हे पाडायचं." बर्नीसला तो त्या क्षणी आवडला.

त्यानं आराखडे आणले. पंचेचाळीस फूट उंचीच्या कृत्रिम झाडांचं रान, दोरखंड, खरं गवत, धबधबा, फवाऱ्यातून धुकं, हिवाळ्यासाठी आतून गरम होणारे खडक, आणि काचेला लागून उपाहारगृह. खर्च तीन कोटी दहा लाख डॉलर. निम्मे देणगीदार देणार होते. उरलेले घरपट्टीवर जादा कर बसवून गावानं द्यायचे, आणि त्याला गावाची मतं हवी होती.

"लोक इमारतीला मत देत नाहीत," पेन्रोज बर्नीसला म्हणाला. "लोक माणसाला मत देतात. तुम्हाला सगळं गाव ओळखतं. तुम्ही पुढं व्हा."

बर्नीस पुढं झाली. काचेच्या अलीकडे तिचा पंजा, पलीकडे ट्रूडीचा, असा फोटो काढला गेला. खाली लिहिलं होतं, 'ट्रूडीला आकाश द्या'. ते फलक गावभर अंगणाअंगणांत लागले. ती अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बोलली, युनियनच्या कार्यालयात बोलली, चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला टेबलाटेबलापाशी जाऊन बोलली. "ती तीस वर्षं फरशीवर बसली आहे," ती सांगायची. "तिनं एकदा गवतावर बसावं, एवढंच माझं मागणं आहे." ज्यांची स्वतःची घरं रंगवायची राहिली होती अशी माणसंसुद्धा डोळे पुसायची.

त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता. गावातल्या शाळांनाही जादा कर हवा होता, नाहीतर प्राथमिक शाळांची ग्रंथालयं बंद पडणार होती. बर्नीसची शेजारीण ओल्गा तिमको अशाच एका शाळेत ग्रंथपाल होती. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून, मैत्री चाळीस वर्षांची. ओल्गानं आपल्या अंगणात ट्रूडीचा फलक लावला, आणि शाळेचा एक फलक बर्नीसला आणून दिला.

"हा तुझ्या अंगणात लाव," ती म्हणाली. "तुझं अंगण कोपऱ्यावर आहे, दोन्ही रस्त्यांवरनं दिसतं."

पण प्रचाराचं काम पाहणाऱ्या माणसानं बर्नीसला बजावलं होतं. दोन कर एकदम समोर दिसले की लोक बिचकतात आणि दोन्हींना नाही म्हणतात, निदान तुमच्या अंगणात तरी एकच फलक ठेवा. बर्नीसनं शाळेचा फलक गॅरेजमध्ये भिंतीला पाठ करून ठेवला. ओल्गानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाऱ्यानं पडला बाई. लावते उद्या."

ट्रूडी जिंकली. शाळा हरली, तीनशे आणि काही मतांनी. जूनमध्ये ओल्गाच्या ग्रंथालयातली कपाटं ट्रकमध्ये भरून नेली आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला घरी बसवलं. ती बर्नीसशी एक शब्द वाकडा बोलली नाही. पायरीवर बसून दोघी कॉफी प्यायच्या तशाच प्यायच्या. फक्त ओल्गा झूविषयी काही विचारेनाशी झाली.

नवं रान बांधायला दोन वर्षं लागली. मे महिन्यात ट्रूडीला हलवलं. नव्या ठिकाणी मागच्या बाजूला तिची खोली होती, आणि खोलीतून रानात उघडणारं एक सरकतं लोखंडी दार. ते उघडण्या-लावण्याचा खटका कीपरच्या बोळात होता. उद्‌घाटनाच्या सकाळी महापौर आले, बँड आला, फिती कापल्या. बर्नीसनं खटका ओढला. दार सरकलं. उपाहारगृहाच्या काचेला नाकं लावून दोनशे माणसं उभी होती.

ट्रूडी उंबऱ्याशी आली. तिनं हात पुढं करून गवताला बोट लावलं. हात झटकन मागं घेतला, तळवा उलटा करून पाहिला आणि मांडीला पुसला. मग ती आत गेली, गोणपाट घेऊन आली आणि ते डोक्यावर घेऊन उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली. बाहेरून कुणाला तिचं एक बोटही दिसत नव्हतं.

"घाबरली असेल," पेन्रोज पाहुण्यांना म्हणाला. "दोन दिवस द्या तिला."

दोन दिवसांचे दोन आठवडे झाले, मग महिना झाला. लोक तिकिटं काढून यायचे, धुकं बघायचे, धबधबा बघायचे, आणि विचारायचे, "माकड कुठंय?" बर्नीस पहिल्यांदा समजावून सांगायची, की बाबांनो, ते माकड नव्हे, तो बिनशेपटीचा एप आहे, आणि ती आतच बसते. पुढं पुढं तिनं काचेकडे जायचं टाळायला सुरुवात केली. गावातल्या वर्तमानपत्रात एकानं पत्र लिहिलं, 'तीन कोटींचा रिकामा पिंजरा'. दुसऱ्यानं लिहिलं, की आमच्या मुलांची पुस्तकं गेली ती कशासाठी, एवढं कुणी दाखवेल काय? ते वाक्य बर्नीसनं तीनदा वाचलं. त्या दिवशी ती ओल्गाकडे कॉफीला गेली नाही. डोकं दुखतंय असं सांगितलं.

जुलैमध्ये पेन्रोज बोळात आला. त्याचं हसू जरा उतरलं होतं.

"येत्या गुरुवारी ते मोठे देणगीदार येताहेत, बर्नीस. सहकुटुंब. दुपारच्या जेवणाला."

"बरं."

"ती बाहेर दिसली तर बरं होईल."

"मी काय तिला हाताला धरून नेऊ?"

"मी काही सांगत नाही," तो म्हणाला. "तुमच्याइतकं ट्रूडीला कुणी ओळखत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." आणि तो गेला.

सोमवारी सकाळी बर्नीसनं भाजलेली रताळी घेतली आणि रानाच्या जाळीबाहेर, दारापासून वीसेक पावलांवर जाऊन उभी राहिली. "ट्रूडी," तिनं हाक मारली. "ये बाळ. ये, मी आहे ना." ट्रूडीनं गोणपाटाखालून बघितलं. ती उठली. गवतावर पाय ठेवताना ती पावलं आतल्या बाजूला मुडपून, बाहेरच्या कडांवर चालत होती, जणू गवत भाजत होतं. पण बर्नीस बोलावत होती म्हणून ती आली. जाळीतून तिनं रताळं घेतलं. बर्नीसनं आणखी चार रताळी जाळीतून लांब भिरकावली. ट्रूडी ती वेचायला वळली, तशी बर्नीस झपझप बोळात गेली आणि तिनं खटका ओढला.

दार लागलं. ट्रूडीनं आवाज ऐकून मान वळवली. मग रताळी तिथंच टाकून ती दाराशी आली आणि बोटांच्या पेरांनी दारावर ठोठावू लागली. बर्नीस आतल्या बाजूला उभी होती. मधे दोन इंचांचं लोखंड. दहा वाजता तिनं दार लावलं आणि दोन वाजता उघडलं. चार तास. त्या चार तासांत काचेपाशी तोबा गर्दी झाली. "ती बघ, ती बघ!" पोरं ओरडत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बर्नीसला त्या टाळ्या बोळात ऐकू येत होत्या, आणि, हे ती पुढं कधी विसरली नाही, तिला बरं वाटलं.

मंगळवारी तिनं पुन्हा बोलावलं. ट्रूडी पुन्हा आली, पण जरा थांबत, मागं दाराकडे बघत. बुधवारीही आली. माकडघरातला दुसरा कीपर कर्टिस, चाळिशीतला अबोल माणूस, बादल्या घेऊन बोळातून जाताना एकदाच म्हणाला, "ती ठोठावतेय, बर्नी."

"मला ऐकू येतं," बर्नीस म्हणाली.

गुरुवारी देणगीदार आले. उपाहारगृहात पांढरे टेबलक्लॉथ घातले होते. त्या दिवशी ट्रूडीनं ठोठावलं नाही. ती थोडा वेळ दाराशी बसली, मग वर बघू लागली. तिच्या खोलीच्या छपराजवळ हवेसाठी एक लहान खिडकी होती आणि बोळातला दिवा त्या खिडकीतून दिसायचा. त्या खिडकीला लागून कृत्रिम झाडाची एक फांदी गेली होती. ट्रूडी आयुष्यात टायरच्या उंचीपलीकडे कधी चढली नव्हती. तेहेतीस वर्षं फरशीवर बसून तिच्या दंडांत जोर राहिला नव्हता. ती चढू लागली. काचेपलीकडे सगळे चमचे खाली ठेवून बघू लागले. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या.

सोळा-सतरा फुटांवर तिचा हात सुटला.

बर्नीसनं आधी धप्प असा आवाज ऐकला आणि मग पोरांचं ओरडणं. तिनं खटका ओढला. ट्रूडी उठून दारातून आत आली, डावा हात छातीशी धरून, तीन पायांवर. बर्नीस खोलीच्या जाळीला चिकटून खाली बसली. "ये, ये बाळ, बघू दे मला." ट्रूडी तिच्यासमोरून गेली. थांबली नाही. सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात तिनं भिंतीकडे तोंड केलं.

हाताचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. झूच्या पशुवैद्य डॉक्टर लिंडक्विस्ट बाईंनी चार तास शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवली. त्याच संध्याकाळी अपघाताचा कागद भरायचा होता. त्यात एक रकाना होता, 'दाराची स्थिती'. बर्नीसनं पेन उचललं. 'उघडं' असं लिहिलं आणि खाली सही केली. ते कुणी तिला लिहायला सांगितलं नव्हतं.

झूनं वर्तमानपत्राला कळवलं, की ट्रूडी आता नव्या घरात धीट होऊ लागली आहे, चढण्याच्या पहिल्याच प्रयत्नात ती घसरली, काळजीचं कारण नाही. गाव हळहळलं. पेन्रोज बर्नीसच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाईट झालं. पण ती चढली, नाही का?"

पुढचे दिवस बर्नीसनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ती औषध घेऊन गेली की ट्रूडी पाठ फिरवायची. कर्टिसनं दिलेलं केळं खायची, बर्नीसनं दिलेलं तसंच पडू द्यायची. जेवणाचं ताट समोर घेऊन बर्नीस बसून राहायची. शनिवारी तिनं चर्चमध्ये जाऊन पापनिवेदन केलं. पाद्री म्हातारे होते, कानानं अधू. सगळं ऐकून ते म्हणाले, "तू जनावराला दुखवलंस आणि खोटं लिहिलंस. पहिल्याची क्षमा देव करील. दुसरं तुला जाऊन खोडावं लागेल." ती घरी आली. खोडायला गेली नाही. नोकरीची दोन वर्षं उरली होती, पेन्शन होतं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्या गावाच्या डोळ्यांत पाणी आणणारी बर्नीस ती होती. त्या बर्नीसला ती कुठं लपवणार?

ऑगस्टच्या शेवटी ओल्गा कागदांचा गठ्ठा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात आली. ग्रंथालय गेल्यावर ओल्गा त्याच शाळेत फुकट जायची, हॉलच्या कोपऱ्यात पोरांना घेऊन बसायची. तिनं गठ्ठा टेबलावर ठेवला.

"दुसरीच्या पोरांनी केलीत. तुझ्या ट्रूडीसाठी कार्डं. भिंतीवर लाव तिच्या."

बर्नीसनं वरचं कार्ड उघडलं. नारिंगी खडूनं काढलेला एक गोळा, त्याला पांढरा हात. खाली लिहिलं होतं, 'तू घाबरली होतीस तरी चढलीस म्हणून मी पण पोहायला जाणार'.

बर्नीसनं कार्ड मिटलं. "नको," ती म्हणाली. "घेऊन जा ही."

"अगं, नको काय? पोरांनी दोन दिवस घालवलेत."

"ती धीट झाली म्हणून नाही चढली, ओल्गा. मी दार लावलं होतं. चार दिवस रोज लावलं. तिला आत यायचं होतं, म्हणून ती चढली. आणि कागदावर मी उघडं म्हणून लिहिलं."

 ओल्गानं खुर्ची ओढली आणि बसली.

"का लावलंस?"

"लोकांना ती दिसावी म्हणून. तुला... तुला दिसावी म्हणून. तुझी पुस्तकं गेली आणि तिथं नुसतं गवत होतं. मला वाटायचं, निदान लोकांनी तिला बघावं, म्हणजे..." तिनं कार्ड गठ्ठ्यावर ठेवलं. "आणि तुझा तो शाळेचा फलक वाऱ्यानं पडला नव्हता. मी गॅरेजमध्ये ठेवला होता."

"माहितेय मला," ओल्गा म्हणाली. "तुझं गॅरेज दिवसभर उघडंच असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. अडीच वर्षं बघितली."

बर्नीस रडायला लागली. ओल्गानं तिला जवळ घेतलं नाही की पाणी दिलं नाही. "रडायचं ते रड," ती म्हणाली. "पण मला सांगून काय उपयोग? हात माझा मोडला का? मतं माझी एकटीची होती का? ज्यांना गोष्ट सांगितलीस त्यांना जाऊन सांग. ही कार्डं मी ठेवते माझ्याकडे. पोरांना काय सांगायचं ते मी बघेन, आणि तेही खरंच सांगेन. समजलं?"

झूच्या विश्वस्तांची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी भरायची आणि ती सगळ्यांसाठी खुली असायची. बोलणाऱ्याला तीन मिनिटं मिळायची आणि वेळ संपला की टेबलावरचा छोटा दिवा लाल व्हायचा. बहुतेकदा पार्किंगच्या तक्रारी घेऊन दोनचार माणसं यायची. त्या मंगळवारी बर्नीस कीपरचा गणवेश घालून माइकपाशी उभी राहिली. पेन्रोजला वाटलं, ती आभार मानायला आली आहे. तो हसला.

"ट्रूडी पडली तेव्हा दार उघडं नव्हतं," बर्नीस म्हणाली. "ते मी बंद केलं होतं. सोमवारपासून रोज दहा ते दोन. कागदावर 'उघडं' असं मी लिहिलं. अक्षर माझं आहे, सही माझी आहे."

पेन्रोज अर्धवट उठला. "बर्नीस, हा विषय इथला नव्हे, आपण ऑफिसात..."

अध्यक्ष हॅनलन, गावातले जुने दातांचे डॉक्टर, त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं. "मिसेस व्ह्राबेल, दार लावायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

बर्नीसनं पेन्रोजकडे बघितलं. तो समोरचे कागद सारखे करत होता. त्याचं नाव घेणं सोपं होतं, आणि अगदीच खोटंही झालं नसतं.

"त्यांनी मला योग्य वाटेल ते करायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी जे केलं ते हे. मी तुमच्याकडे, सगळ्या गावाकडे, तिच्यासाठी घर मागितलं. तुम्ही दिलंत. तिला ते नको होतं. ते मला कबूल करवेना. मला टाळ्या हव्या होत्या. तिनं तिच्या आयुष्यात एकाच माणसाच्या हाकेला ओ दिली, आणि त्या माणसानं तिला बोलावून बाहेर कोंडलं."

दिवा अजून लाल झाला नव्हता. पण तिच्याजवळ सांगायला आणखी काही नव्हतं. ती जागेवर जाऊन बसली.

तिला एक महिना बिनपगारी घरी बसवलं आणि मग शेळ्यांच्या आवारात पाठवलं. पेन्रोजला कुणी काढलं नाही. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या झूमध्ये गेला, चांगल्या पगारावर. विश्वस्तांनी नियम केला, की झू उघडं असताना त्या दाराचा खटका कुणी ओढायचा नाही. काचेपाशी एक पाटी लागली, की ट्रूडीच्या मनात आलं तर ती दिसेल. कागदावर खोटं लिहिल्याची नोंद बर्नीसच्या नावावर कायमची राहिली.

गावानं तिला वेगवेगळ्या तऱ्हांनी वागवलं. काहींनी बोलणं सोडलं. एकीनं जुना फलक तिच्या पायरीवर आणून टाकला. काहींनी, आणि हेच तिला जास्त लागलं, "जाऊ दे गं, जनावरच ते," असं म्हणून समजूत घातली. शुक्रवारच्या जेवणाला कारखान्यातला जुना माणूस स्टीव्ह हुदाक मोठ्यानं म्हणाला, "बर्नी, आता खरं बोलायला लागलीच आहेस तर सांग. आमचे पैसे पाण्यात गेले की नाही?"

 बर्नीसनं काटा खाली ठेवला.

"मला माहीत नाही, स्टीव्ह."

"हे काय उत्तर झालं? तीन कोटी डॉलर!"

"ट्रूडीसाठी म्हणशील तर गेले. तिला त्या झाडांपेक्षा आत जाता येणारं दार हवं होतं, त्याला काही खर्च नव्हता. तो नवा सुलो आलाय त्याच्यासाठी म्हणशील, तर तू जाऊन बघ आणि मला सांग."

सुलो हा सहा वर्षांचा नर, वसंतात दुसऱ्या झूमधून आला होता. त्याला फरशी माहीतच नव्हती. दार उघडल्यावर अकरा मिनिटांत तो सगळ्यांत उंच दोरावर होता. शेळ्यांच्या आवारात गवत टाकताना बर्नीसला छपरांच्या वर तो दिसला होता, आभाळात हलणारा एक तांबूस ठिपका. ती फावडं टेकून उभी राहिली होती. तेव्हा तिला ट्रूडीचे मुडपलेले पाय आठवले होते, आणि ज्या वर्षी ट्रूडी तीन वर्षांची होती त्या वर्षी हे रान असतं तर, असा एक विचार आला होता. तेव्हा ते कुणी मागितलं नव्हतं. तिनंही नाही. तीस वर्षं ती नुसती लाज बाळगत होती आणि दिवे मालवत होती.

"आणि शाळेतल्या पोरांसाठी?" स्टीव्हनं विचारलं.

"ते तर मला विचारूच नकोस," बर्नीस म्हणाली. "त्याचं उत्तर द्यायची माझी लायकी नाही."

हुदाक दोन आठवड्यांनी नातवाला घेऊन झूला गेला. परत आल्यावर त्यानं बर्नीसला काही सांगितलं नाही, तिनं विचारलंही नाही.

ती बासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. निरोपाचा केक तिनं नको म्हणून सांगितलं. मंगळवारी आणि गुरुवारी ती ओल्गाबरोबर शाळेच्या हॉलमध्ये जाते, पुस्तकांच्या पेट्या उचलते, फाटलेली पानं चिकटवते. ओल्गा तिच्यावर ओरडते, "अगं, उलटं लावलंस!" ती परत काढून सरळ लावते. पोरांनी एकदा विचारलं, की तुम्हीच का त्या फोटोतल्या? तिनं हो म्हटलं आणि मग सगळी हकिगत सांगितली, दारासकट.

बुधवारी मात्र ती एकटी झूला जाते, तिकीट काढून. तिला फुकट पास मिळतो, तो ती वापरत नाही. कर्टिस आता माकडघराचा मुख्य आहे. त्यानं तिला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "बर्नी, ट्रूडी हल्ली बाहेर येते. सकाळी, ऊन असलं की. चार-पाच पावलं. हात बरा झालाय, वाकडा राहिलाय जरासा."

"मी आले तर?"

कर्टिसनं टोपी काढून परत घातली. "मागल्या बुधवारी तू काचेपाशी होतीस. तिनं बघितलं तुला. नंतर शुक्रवारपर्यंत बाहेर आली नाही."

तेव्हापासून बर्नीस काचेपाशी जात नाही. उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला, जिथं ट्रे ठेवतात तिथं ती उभी राहते, हिवाळ्यातसुद्धा डोळ्यांवर काळा चष्मा. बहुतेकदा तिला काहीच दिसत नाही. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी चांगलं ऊन पडलं होतं. काचेपाशी सहा-सात माणसं होती, एक बाई बाबागाडी घेऊन, एक उंच जाडा माणूस लाल जाकिटातला. वर सुलो दोरावरून झेपा टाकत होता आणि सगळे वर बघत होते. बर्नीस खाली दाराकडे बघत होती.

ट्रूडी उंबऱ्यावर आली. डोक्यावर काही नव्हतं. तिनं ऊन बघितलं, एक पाय गवतावर ठेवला, मग दुसरा. पाच पावलं चालून ती बसली आणि वाकड्या हातानं गवत उपटून हुंगू लागली.

"ते बघा, खाली पण एक आहे," बाबागाडीवाली बाई म्हणाली.

सगळ्यांच्या माना खाली वळल्या. ट्रूडीनंही मान वर केली आणि काचेकडे, माणसांच्या रांगेकडे, एकेक चेहरा बघत नजर फिरवली. बर्नीस चटकन त्या लाल जाकिटातल्या माणसाच्या पाठीमागे झाली. त्याच्या खांद्याच्या बाजूनं तिला ट्रूडीचा गुडघा आणि गवतातला हात एवढंच दिसत होतं. तो माणूस फोटो काढायला डावीकडे सरकला. त्याच्या पाठीला धरून तीही डावीकडे सरकली.